फट भरली नाही

बाहेर त्रेचाळीस, आत सदतीस.
मे महिन्यात सोलापुरात
सगळ्यात गार जागा या पेशींच्या वाट्याला,
काचेच्या दारामागे, गुलाबी पाण्यात.
लाईट गेली की मी आधी त्यांच्याकडे धावते,
मग पंख्याकडे बघते.

दुपारी दोन ताटल्यांच्या तळाशी
एकेक ओरखडा काढला,
बारीक नळीच्या टोकाने, पट्टी न लावता.
दोन्ही काठांना पेशी, मधे मोकळी फट.
मोकळी जागा दिसली की त्यांना राहवत नाही.
पाय काढतात. सरकतात.
शेजारणीचा हात सोडतात.
पसरणं म्हणजे सुरुवातीला एवढंच असतं,
शेजारणीचा हात सोडणं.

नान्नांनी विचारलं होतं अशोक चौकात, चहाच्या गाड्यावर,
"तू करतीस काय गं तिथं, नेमकं?"
चाळीस वर्षं जकार्डची कार्डं पंच करणारा माणूस.
मी म्हटलं, कार्डावर जिथं भोक तिथं हुक वर जातं,
धागा उचलला जातो, चादरीवर मोर येतो.
पेशीतही अशी कार्डं असतात.
एकावर लिहिलंय: ऊठ, नीघ, लांब जा.
"मग बुजवायचं ते भोक. कागद चिकटवून."
नाही, कार्डाला हात नाही लावायचा.
कार्डाचा निरोप धाग्याकडे निघतो ना,
त्याच्याच उलट्या अक्षरांचा एक तुकडा आत सोडायचा.
तो पेशीतल्याच कात्रीला निरोप दाखवतो,
कात्री तो वाटेतच कापते.
नान्ना बशीत फुंकत राहिले.
"म्हणजे कार्ड बोलतंय.
हुक बी उचलतंय.
खालची दोरीच तुटलेली."
हो.
"मोर येणार नाही."
नाही येणार.
"सोप्पंय की."

सोपं कुठलं.
एकदा लाईट, एकदा माझा हात,
एकदा पुण्याहून निघालेलं पार्सल
टेंभुर्णीपाशी टेम्पोत अडकलं
आणि त्यातला बर्फ धूर होऊन गेला.
सहा महिन्यांचे पैसे त्या धुरात.

नान्नांची बहीण, माझी मेनत्ता नरसम्मा,
विडी घरकुलात उंबऱ्यावर बसून
दिवसाला हजार वळायची.
सूप मांडीवर, दातांना मिश्री,
बोलताना बोटं थांबत नसत.
तोंडातली गाठ काढली. टाकेही सुकले.
मग डॉक्टर फोटो उजेडाला धरून मराठीत म्हणाले, पसरलंय.
ती तेलुगूत म्हणाली, "एक्कडिदाका?"
कुठपर्यंत?
ताग्याचं माप विचारावं तसं.
मी तेव्हा बारावीत होते.
भाषांतर मलाच करायचं होतं,
ते मी केलं नाही.

आज चोवीस तास झाले.
पहिली ताटली, जिला काही दिलं नव्हतं,
भरून गेली होती; रफूगाराने रात्रभर बसून मिटवल्यासारखी,
कुठे ओरखडा होता ते सापडेना.
दुसरी भिंगाखाली सरकवली.
फट होती.
काठ जरा खडबडीत, दोनचार पेशी वाट चुकल्यासारख्या आत,
पण फट होती, आरपार, तशीच.
मी खुर्चीवर बसले. मग उठून पुन्हा बघितलं.

संध्याकाळी नान्नांना मोबाईलवर फोटो दाखवला.
त्यांनी चष्मा वर केला, फोटो दोन बोटांनी मोठा केला.
"खोट आहे," म्हणाले.
"मधला धागा सुटलाय. व्यापारी हा माल परत पाठवणार."
नान्ना, हेच पाहिजे होतं.
ते बराच वेळ बघत राहिले,
फटीवरून अंगठा फिरवत,
स्क्रीन सारखी हलत होती.

अर्धा मिलिमीटरही नाही.
ताटलीतली आहे, माणसातली नाही.
माणूस म्हणजे केवढा लांब,
त्यात हा तुकडा पोचवायचा कसा हेच अजून धड जमत नाही.
हे सगळं त्यांना सांगितलं.
त्यांनी मोबाईल परत दिला आणि विचारलं,
"एक्कडिदाका?"

आत्तापर्यंत चोवीस तास, मी म्हटलं.
उद्या सकाळी पुन्हा बघायचंय.
लाईट राहिली तर.